माडावरचा पाडेली आणि कचेरीतला कारकून

दहावी-बारावीचे निकाल लागले की सिंधुदुर्गात अभिमानाचे चार दिवस येतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ परीक्षा घेऊ लागल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, राज्यातील पहिला क्रमांक जणू या विभागासाठी राखूनच ठेवलेला आहे. २०२५ साली दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, कोकणचा ९८.८२. बारावीत राज्याचा ९१.८८ आणि कोकणचा ९६.७४. पेढे वाटून झाले की मात्र मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी येथील घराघरांत जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो : पुढे काय? अलीकडे या प्रश्नाला एक नवे शेपूट फुटले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात जी नोकरी टिकेल ती कोणती, आणि मुलाला किंवा मुलीला त्यासाठी कोठे घालावे?

हा प्रश्न सिंधुदुर्गात अधिक तीव्रतेने विचारला जावा यात नवल नाही. २०२५ च्या महाराष्ट्र दिनी जिल्हा प्रशासनाच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा उपक्रम याच जिल्ह्यात सुरू झाला. राज्य शासनाच्या ‘मार्वल’ या कंपनीचे त्यास साहाय्य आहे. पोलीस, आरोग्य, वन, परिवहन अशा खात्यांत ही यंत्रणा आणणारा देशातील पहिला जिल्हा म्हणून शासनाने सिंधुदुर्गाचा गौरव केला. ज्या जिल्ह्यात सरकारी कचेरीतील खुर्ची हीच सुखी आयुष्याची परमावधी मानली जाते, तेथेच त्या खुर्चीशेजारी यंत्र येऊन बसले आहे. ते किती काम करते हे पुढे दिसेल. परंतु पालकांच्या मनातील धास्ती काल्पनिक नाही.

या धास्तीला उत्तर म्हणून आज याद्या वाटल्या जात आहेत. अमुक दहा व्यवसाय सुरक्षित, तमुक दहा धोक्यात. अशा याद्यांकडे थोड्या सावधपणे पाहिले पाहिजे. ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बर्न या संशोधकांनी २०१३ साली अमेरिकेतील ४७ टक्के रोजगार यांत्रिकीकरणाच्या मोठ्या धोक्यात असल्याचे अनुमान काढले होते. दशक उलटून गेले तरी तशी पडझड झाली नाही. या शास्त्राचे एक आद्य प्रणेते जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली क्ष-किरणतज्ज्ञ घडवणे आता थांबवावे, असे सांगितले होते. पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल अशी त्यांची खात्री होती. हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, पण क्ष-किरणतज्ज्ञांची चणचण आजही आहे. छायाचित्र वाचणे हा त्या डॉक्टराच्या कामाचा एक भाग होता, सारे काम नव्हे, एवढी साधी गोष्ट एवढ्या मोठ्या विद्वानाच्या नजरेतून सुटली. तेव्हा कोणत्या व्यवसायाचे पुढे काय होईल याचे भाकीत कोणी ठामपणे करू लागला, तर त्याचे ऐकून घ्यावे आणि प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी.

भाकितापेक्षा या मातीतील अनुभव अधिक बोलका आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्या अडीच लाखांत या जिल्ह्यातील घरे किती होती हे येथे कोणाला आकड्यांनी सांगण्याची गरज नाही. गावोगावच्या टपाल कचेरीत महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर आटली, तेव्हा ते सर्वांना कळले. त्या काळी गिरणीतली नोकरी ही सुरक्षित नोकरीची व्याख्याच होती. बाप निवृत्त झाला की मुलगा चिकटे. ही नोकरी जाईल असे १९८१ साली कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

ती नोकरी कोणी घेतली? शहाण्या यंत्राने घेतली नाही. उलट अनेक गिरण्यांत यंत्रे जुनाट होती आणि मालकांनी ती बदलण्यात पैसा घातला नाही, हीच तक्रार होती. कापड विणण्याचे काम संपले नाही, ते भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर गेले; आणि तेथे ते करणाऱ्याला ना पगारवाढीचा करार होता, ना बोनसची हमी. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करण्याची वाट दाखवली, आणि सुतापेक्षा जमिनीला भाव आला. येथे आणखी एक गोष्ट आठवणीत ठेवावी. गिरणीतही सर्वांना सुरक्षितता नव्हतीच. कायम कामगाराच्या शेजारी, त्याच मागावर, तेच काम करणारा ‘बदली’ कामगार असे; तो रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही आणि कोणी गैरहजर असेल तरच त्याला काम मिळे. यंत्र एक, कौशल्य एक, घाम एक. एकाला पेन्शनीपर्यंतची निश्चिंती आणि दुसऱ्याला दुपारपर्यंतचीही नाही.

म्हणजे सुरक्षितता कामात नव्हती. ती कामाभोवती उभारलेल्या व्यवस्थेत होती : करारात, संघटनेत, कायद्यात, हजेरीपत्रकावरील नावात. आजच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. यंत्राला एखादे काम जमत नाही, म्हणून ते काम करणारा माणूस सुरक्षित आहे असे गृहीत धरले जाते. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे बहुधा परस्परविरुद्ध निघतात.

कचेरीपासून सुरुवात करावी. यंत्र आले आणि कारकुनाची झोप उडाली, हे पहिल्यांदा घडत नाही. आयुर्विमा महामंडळात गणकयंत्रे बसवण्यास कर्मचाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात कडवा विरोध केला होता. केंद्र सरकारने यांत्रिकीकरणाच्या या प्रश्नावर समिती नेमली तेव्हा तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे आले. १९७२ साली तिचा अहवाल सादर झाला. बँकांत १९८३ साली कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. संघटना त्या वेळी बलवान होत्या, आणि यंत्र कोठे, किती, कोणत्या कामासाठी, हे वाटाघाटीने ठरले. संगणक आला म्हणून उद्या सकाळी कोणी घरी बसला नाही. ज्यांनी त्या काळी विरोध केला त्यांना आज हसण्याची पद्धत आहे. परंतु त्यांच्या विरोधामुळेच बदल सोसण्याइतका सावकाश झाला, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

पुढे काय झाले ते मात्र तितकेसे समाधानकारक नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतील लाखाहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. बँकांचा व्यवहार वाढत गेला, पण नोकरवर्गातील कारकुनांचा वाटा घटत गेला. खेड्यात खाते उघडणे, पैसे देणे-घेणे, अंगठा उमटवून घेणे ही कामे आज ‘बँक मित्र’ करतो. त्याला पगार नाही, व्यवहारामागे दलाली आहे. जे काम पूर्वी वेतनश्रेणी, महागाईभत्ता आणि निवृत्तिवेतन असलेला माणूस करी, त्यातील बरेचसे त्याच गावचा दुसरा माणूस यांपैकी काहीही नसताना करतो. याचे खापर संगणकावर फोडणे सोपे आहे. संगणकाने ते शक्य केले, एवढेच, ठरवले माणसांनी.

जिल्हा परिषदेतील किंवा शाळेतील नोकरवर्गाला तर याहून जवळचा दाखला आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना महाराष्ट्रात जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. एकाच कचेरीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना, ऑक्टोबरमध्ये रुजू झालेला आणि डिसेंबरमध्ये रुजू झालेला असे दोघे तीच नस्ती हाताळतात. म्हातारपण मात्र दोघांचे निराळे ठरवले गेले. मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तो याच कारणासाठी. नोकरीच्या सुरक्षिततेचा एवढा मोठा लचका आजवर कोणत्याही यंत्राने तोडलेला नाही. तो एका शासन निर्णयाने तोडला.

तरीही आजचे यंत्र पूर्वीच्या यंत्रांहून वेगळे आहे, हे नाकारून चालणार नाही. टंकलेखन यंत्राने अक्षर सुबक केले, संगणकाने बेरीज केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले, तेव्हापासून यंत्र मसुदा लिहू लागले, पत्राचा गोषवारा काढू लागले, भाषांतर करू लागले आणि प्रश्नपत्रिका सोडवू लागले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०२५ च्या अभ्यासानुसार जगातील चारांपैकी एक रोजगार या तंत्राच्या प्रभावकक्षेत येतो, आणि त्यात कारकुनी कामे सर्वांत पुढे आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी लक्षावधी वेतननोंदी तपासल्या. अशा प्रभावक्षेत्रातील व्यवसायांत २२ ते २५ वर्षे वयाच्या नवोदितांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटलेला त्यांना आढळला. त्याच व्यवसायांतील अनुभवी माणसांना तेवढी झळ बसलेली नव्हती. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने म्हटले, आणि ते नोंदवले पाहिजे. पण आयटी कंपनीत मुलगा चिकटला की घराची चिंता मिटली, हा पुण्या-बंगळुरास गेलेल्या मुलांच्या घरचा हिशेब त्या दिवशी डळमळला, हेही खरे.

येथे कोकणच्या निकालाची दुसरी बाजू पुढे येते. दिलेला मजकूर वाचणे, त्यातील मुद्दे लक्षात ठेवणे आणि मागितल्या आकारात ते उत्तरपत्रिकेवर उतरवणे, या कौशल्यात हा विभाग राज्यात पहिला आहे. यंत्राला नेमके हेच सर्वांत लवकर साधले. ९८ टक्के निकाल लावणाऱ्या शिक्षकांचे कष्ट कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या टक्क्यांत मुलाने अनोळखी माणसाशी बोलून काही शोधून काढले का, चूक झाली तेव्हा ती कोठे झाली हे त्याला सांगता आले का, याची नोंद होत नाही. पुढे लागणार आहे ते हे. गंमत अशी की शासन मात्र आजही जाहिरात देते ती ‘लिपिक-टंकलेखक’ या पदाची. टंकलेखन यंत्रावरील शासकीय परीक्षा २०१७ साली इतिहासजमा झाली, पण मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची अट संगणकाच्या कळफलकावर जाऊन बसली. यंत्र गेले, पदनाम राहिले.

कचेरीत मग उरणार काय? मालवणच्या समुद्राकडे पाहिले तर याचे थोडे उत्तर मिळते. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले. प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी आणली. दोन्ही आदेश मोडले जातात, ही रापणकरांची आणि लहान मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू झाली. नौका कोठे आहे, तिच्यावर कोणते जाळे आहे, हे आता आकाशातून दिसते. पण दिसल्यानंतर? गस्तीनौका घेऊन तेथवर जाणे, नौका थांबवणे, तांडेलाचा जबाब घेणे, पंचनामा करणे, सुनावणी घेऊन दंडाचा आदेश काढणे आणि नंतर येणाऱ्या दूरध्वनींना न डगमगणे, हे सगळे माणसाकडेच राहते. यंत्राने पुरावा दिला की निर्णय टाळण्याची सबब तेवढी कमी होते. उद्याच्या कारकुनाचे आणि अधिकाऱ्याचे काम हे असेल : शोधण्याचे कमी, ठरवण्याचे आणि ठरवल्याचा जाब देण्याचे अधिक. याच मालवणात राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याला नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. त्या वेळी जाब माणसांना विचारला गेला, अटक माणसांना झाली. सही करणाऱ्याची जागा यंत्राला देता येत नाही, कारण यंत्राला कोठडीत ठेवता येत नाही.

आता कचेरीबाहेर यावे. यंत्राला न जमणारी कामे या जिल्ह्यात जागोजाग आहेत. माडावर चढणारा पाडेली घ्या. पायात दोरीचा फास आणि कमरेला कोयता, एवढ्या सामग्रीवर तो उंच माडावर चढतो, कोणता घड उतरवायचा, कोणती झावळ तोडायची हे वर बसून ठरवतो आणि उतरून शेजारच्या माडाकडे वळतो. एक माड दुसऱ्यासारखा नसतो, आणि वारा रोज निराळा असतो. बुद्धिबळात विश्वविजेत्याला हरवणारे यंत्र १९९७ सालीच तयार झाले. या वाडीत पाडेल्याची जागा घेणारे अजून आलेले नाही. हापूसची काढणी, खोल समुद्रात जाळे ओढणे, जुन्या चिरेबंदी घराची गळती शोधणे, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला कुशीवर वळवणे, या सर्वांची तीच गोष्ट. शेवटच्या कामाची गरज तर येथे वाढतच जाणार. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ८ लाख ४९ हजारांवर आली. तरुण बाहेर गेले, म्हातारे राहिले. चाकरमानी गणपतीला येतो; त्याच्या आईला औषध मात्र बाराही महिने द्यावे लागते.

तर मग यादी करणाऱ्यांच्या हिशेबाने पाडेली, खलाशी आणि परिचारिका हे सिंधुदुर्गातील सर्वांत सुरक्षित लोक ठरतात. प्रत्यक्षात काय दिसते? पाडेली शोधून सापडत नाही, आणि जो आहे तो मुलाला या धंद्यात येऊ देत नाही. त्याला दोष कसा द्यावा? माडावरून पडला तर घर बसले. आंब्याच्या बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळहून माणसे येतात. मोठ्या नौकांवर परप्रांतीय खलाशी असतात. गावोगाव घरी जाऊन गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या मुलांची विचारपूस करणारी ‘आशा’ कागदोपत्री स्वयंसेविका आहे; तिला वेतन नसते, मानधन असते, आणि ते वाढवून घेण्यासाठी २०२३-२४ साली तिला राज्यभर संप करावा लागला. बापाची शुश्रूषा करण्यासाठी ठेवलेल्या मदतनीस बाईला रजा किती, भविष्यनिर्वाह निधी कोठे, हे सुशिक्षित घरांतही कोणी विचारत नाही. यंत्र यांच्या वाटेला जात नाही, पण कायदाही फारसा जात नाही.

हे असेच असले पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर त्या वेळी शालेय शिक्षणमंत्री होते. त्या श्रीमंत, यंत्रनिपुण राज्याने मागितले कोण? परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर, वाहनचालक, उपाहारगृहातील कर्मचारी. तेथे वीजतंत्र्याला शाळा आणि कारखाना यांच्या जोडीने काही वर्षांचे शिक्षण मिळते, प्रमाणपत्राला समाजात मान असतो, आजारपण आणि म्हातारपण यांचा विमा असतो. कुडाळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणारा मुलगा तीच तार तशीच जोडतो. कुडाळात तो ‘काही जमले नाही म्हणून आयटीआयला गेलेला’ असतो, श्टुटगार्टमध्ये तो मध्यमवर्गीय गृहस्थ होतो. फरक तारेत नाही.

म्हणून पालकांनी करिअरची यादी धुंडाळावी, पण मतदार आणि करदाते म्हणून दुसरी यादीही मागावी. नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळात तरुणांना शिडीयंत्र देऊन माडावर चढण्याचे शिक्षण दिले. मंडळाची ‘केरा सुरक्षा’ नावाची अपघात विमा योजनाही आहे. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ हाताशी असताना पाडेल्यांची तालुकावार नोंदणी, विमा आणि ठरलेला दर ही जिल्हा परिषदेला न पेलणारी गोष्ट नव्हे. अवघड दुखण्याचा रुग्ण आजही गोव्यात बांबोळीला न्यावा लागतो. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, तर त्याच्या जोडीने वृद्धसेवेचा अभ्यासक्रम आणि त्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी वेतनश्रेणी असलेली पदे हवीत. पदे नसतील तर अभ्यासक्रम उघडून मुलींना फसवू नये. महाविद्यालयांनी कला आणि वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी सहा महिने तरी ग्रामपंचायत, सहकारी संस्था किंवा मत्स्य खात्याच्या कचेरीत बसवावे. नवोदिताला शिकण्यासाठी जी पहिली पायरी असे, ती साधी टिपणे आणि साधे मसुदे यांची होती. तीच आता यंत्राने घेतली आहे. पहिली पायरी नाही आणि चौथीवर अनुभवी माणूस हवा, हे गणित दहा वर्षांनी कोणालाच सोडवता येणार नाही.

आणि देशातील पहिल्या कृत्रिम बुद्धिमत्ता जिल्ह्याने आपल्या गौरवाबरोबर एक हिशेबही दरवर्षी जाहीर करावा : या यंत्रणेमुळे कोणत्या खात्यात किती मनुष्यदिवस वाचले, त्या वाचलेल्या वेळात कर्मचाऱ्यांना कोणते काम दिले, किती पदे रिक्त ठेवली आणि किती भरली, आणि भरलेल्यांपैकी कायम किती व कंत्राटी किती. हे चार आकडे कचेरीत उपलब्ध असतात. अकरावीचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी ते फलकावर लागले, तर कोणत्या शाखेला जावे या प्रश्नाचा निम्मा उलगडा सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यांना तेथेच होईल.